मांजराच्या खाद्याचा फुकट नमुना : मागा जरूर, पण पैसे भरून नव्हे

आमच्या वस्तीत मांजर नाही अशी गल्ली सापडायची नाही. खोली दहा बाय बाराची, तीत माणसे सहा, कोपऱ्यात धान्याचा डबा आणि डब्यामागे उंदीर. उंदीर आले की मागोमाग मांजर येते. पोरांनी एकदा तिला नाव दिले की ती घरचीच होऊन जाते. पूर्वी तिच्या पोटाची वेगळी चिंता कोणी करीत नसे. मासे साफ करताना उरलेली मुंडकी, दुधात कुस्करलेली भाकरी आणि ती स्वतः मारून आणील ते, एवढ्यावर तिचे भागत असे.

आता कोपऱ्यावरच्या दुकानातही शांपूच्या पुड्यांशेजारी व्हिस्कास, मी-ओ अशा नावांची पाकिटे टांगलेली दिसतात. पोरे मोबाईलवर जाहिरात पाहतात आणि आईच्या पाठी लागतात, "आई, आपल्या मनीला ते आण ना!" आई पाकिटावरची किंमत वाचते आणि मनात हिशेब करते. एवढे पैसे घालायचे आणि मनीने नुसते हुंगून तोंड फिरवले तर? मांजराची जात मोठी लहरी. म्हणून साहजिकच वाटते, आधी थोडे फुकट मिळाले तर बघता आले असते.

असे वाटण्यात काहीही गैर नाही. आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो तेव्हा आपण ती खातोच ना? आवडली तर डझन घेतो, नाही तर पुढे जातो. पण या साध्या इच्छेचा फायदा घेणारे चोरही आज पुष्कळ झाले आहेत. त्याचीच हकीगत आम्ही आधी सांगतो.

वहिनींचे पैसे गेले त्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवर एक मेसेज आला. वहिनी चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. मेसेज आला तो बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, म्हणजे ओळखीच्याच बाईकडून. लिहिले होते की, एका प्रसिद्ध कंपनीतर्फे मांजराच्या खाद्याचा महिन्याभराचा डबा मोफत, पण फक्त पहिल्या पाचशे जणांना. खाली लिंक होती, आणि हा मेसेज आणखी दहा जणांना पाठवा अशी अट होती.

वहिनींनी लिंक दाबली. पांढऱ्या मांजराचे सुरेख चित्र आले. नाव, पत्ता, फोन नंबर भरून झाला. शेवटी अक्षरे उमटली, 'डबा मोफत, घरपोच पाठवण्याचा खर्च फक्त ४९ रुपये'. वहिनींना वाटले, ४९ रुपयांत महिन्याचे खाद्य काही महाग नाही. त्यांनी एटीएम कार्डाचा नंबर घातला. दोन मिनिटांत फोन आला. गोड आवाजात एक मुलगा म्हणाला, "मॅडम, कंपनीतून बोलतोय. तुम्हाला एक नंबर आला असेल, तो सांगा म्हणजे डबा पाठवता येईल." वहिनींनी नंबर सांगितला.

खात्यातून ४९ रुपये गेले नाहीत. ६,२०० रुपये गेले. मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले ते पैसे होते.

पण याहून वाईट गोष्ट पुढे घडली. वहिनी दोन दिवस कोणाशी बोलल्याच नाहीत. नवऱ्याला सांगितले नाही, मुलीला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "जयभीम ताई, जरा आत येऊ का?" मग सगळे ऐकले. आम्ही लगेच १९३० या नंबरावर तक्रार नोंदवली, बँकेत गेलो. पण तोवर पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात निघून गेला होता. तो आजवर परत आलेला नाही.

गल्लीत बोलणारे बोललेच, "फुकटाची हाव, दुसरं काय!" आम्हांस हे मुळीच मान्य नाही. चोरी चोराने केली. वहिनींनी फक्त एक नमुना मागितला होता, आणि नमुना मागणे हा गुन्हा नाही. उलट या 'हाव' शब्दाच्या भीतीनेच त्या दोन दिवस गप्प राहिल्या आणि पैसे परत मिळण्याची वेळ हातची गेली. म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. नमुना कसा मागावा हेही सांगू, आणि फसगत झाली तर मान खाली न घालता काय करावे हेही सांगू.

नमुना ही भीक नव्हे

कंपनी फुकट पुडी देते ती दयेपोटी देत नाही. घरात राहणारे, नीट जोपासलेले मांजर बारा-पंधरा वर्षे सहज जगते. त्याला एखाद्या खाद्याची चव लागली की ते सहसा बदलत नाही. म्हणजे एका पुडीच्या बदल्यात कंपनीला कित्येक वर्षांचे गिऱ्हाईक मिळू शकते. तो तिच्या जाहिरातीचा खर्च आहे. तेव्हा नमुना मागताना हात जोडायचे कारण नाही आणि मिळाल्यावर तेच खाद्य विकत घेण्याचे बंधनही नाही.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडतो. गिऱ्हाईक मिळवायला एक-दोन पुड्या पुरतात, तर कोणी महिन्याभराचा डबा कशाला वाटील? नमुना म्हटला की तो लहानच असतो. सुक्या दाण्यांची मूठभर पुडी किंवा ओल्या खाद्याचे एखादे पाऊच. याहून मोठे काही फुकट म्हणून समोर आले, की तिथेच थांबावे.

खरा नमुना कुठे मिळतो?

पहिली जागा म्हणजे पेट शॉप. कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी नवे खाद्य बाजारात आले की दुकानदाराकडे नमुन्याच्या पुड्या ठेवून जातात. दुकानदार त्या आपण होऊन सगळ्यांना देत नाही, विचारणाऱ्याला देतो. तेव्हा सरळ विचारावे, "आमचं मांजर दोन वर्षांचं आहे. मोठं पाकीट घ्यायच्या आधी चाखवून बघायचंय. कुठल्या कंपनीचं सॅम्पल आलंय का?" संध्याकाळच्या गर्दीत न जाता दुपारी जावे, म्हणजे त्यालाही बोलायला सवड असते. आज नसेल तर पुन्हा केव्हा येतील ते विचारून ठेवावे. पुडीवर 'विक्रीसाठी नाही' असे छापलेले असेल आणि दुकानदार पैसे मागत असेल, तर ते छापलेले त्याला दाखवावे.

दुसरी जागा म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना. तिथेही कंपन्यांची माणसे नमुने देऊन जातात. मांजराला लस टोचायला किंवा दाखवायला नेले असता डॉक्टरांना विचारून पाहावे. पुडी मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी या मांजराला कोणते खाद्य चालेल हा सल्ला मिळतो, आणि तो पुडीहून मोलाचा आहे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आपल्या कष्टकऱ्यांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते फक्त गाई-म्हशींसाठी आहेत असे समजून आपण मांजर नेतच नाही, हे बरोबर नाही.

तिसरी जागा म्हणजे खुद्द कंपनी. तिचा खरा पत्ता कुठे मिळतो? पाकिटावर. वैधमापन शास्त्राच्या आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांनुसार, बंद पाकिटात विकल्या जाणाऱ्या मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता आणि ग्राहकाने तक्रारीसाठी कोणाशी बोलावे त्याचा फोन नंबर व ई-मेल छापावा लागतो. पाकीट विकत घ्यावे लागत नाही. दुकानात हाती घेऊन मागची बाजू वाचावी आणि नंबर वहीत उतरवून घ्यावा. मोबाईलवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर मात्र वापरू नये. कंपनीच्या नावाने खोटे नंबर टाकून ठेवणाऱ्या टोळ्या आहेत.

चौथी जागा प्रदर्शनांची. मुंबईसारख्या शहरात 'पेट फेड'सारखे पाळीव प्राण्यांचे मेळे भरतात. तिथे कंपन्यांचे स्टॉल असतात आणि नमुने वाटले जातात. पण प्रवेशाला तिकीट असते. तिकीट, लोकलचे भाडे आणि पोरांचा खाऊ धरला तर ती पुडी फुकट राहत नाही. मुलांना मेळा दाखवायचा असेल तर खुशाल जावे, निव्वळ नमुन्यासाठी जाऊ नये.

पत्र कसे लिहावे?

ई-मेल किंवा पत्र मराठीत लिहिले तरी चालते. सोबत इंग्रजी तर्जुमा जोडला तर उत्तर लवकर येण्याचा संभव अधिक. घरातील शाळकरी मुलामुलींकडून हे काम करून घ्यावे, त्यांनाही अर्ज लिहिण्याची सवय होते. मसुदा असा :

"महोदय, आमच्या घरी दोन वर्षांची एक मांजरी आहे. तिचे वजन सुमारे साडेतीन किलो आहे. आजवर ती घरचे शिजवलेले मासे व भात खात आली आहे. आपले खाद्य विकत घेण्यापूर्वी ते तिला मानवते की नाही, हे पाहण्याची आमची इच्छा आहे. मोठ्या मांजरांच्या खाद्याचा विनामूल्य नमुना आपण देता काय? देत असल्यास आमच्या भागातील कोणत्या दुकानात अथवा दवाखान्यात तो मिळेल, ते कृपया कळवावे. आमचा पिनकोड सोबत दिला आहे. कळावे."

यात घराचा पूर्ण पत्ता नाही, जन्मतारीख नाही, बँकेचे नाव नाही. पहिल्या पत्रात पिनकोड पुरतो. कंपनीने नमुना टपालाने पाठवायचे कबूल केले, तर पत्ता नंतर द्यावा. एका कंपनीला एकच पत्र लिहावे. पंधरा दिवस वाट पाहावी आणि उत्तर आले नाही तर पुन्हा एकदा आठवण करावी. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नये. नमुना देणे कंपनीवर बंधनकारक नाही.

खोट्याची ओळख

भगिनींनो, पुढील गोष्टी घरात मोठ्याने वाचून दाखवा. म्हाताऱ्या सासूबाईंना आणि नव्याने मोबाईल हाती आलेल्या पोरांनाही.

नमुना फुकट असून पाठवण्याचा खर्च, नोंदणी फी किंवा कर मागितला, मग तो एक रुपया का असेना, तर भरू नये. चोराला तो रुपया नको असतो, कार्डाचा नंबर हवा असतो.

फोनवरून कोणी ओटीपी विचारला तर फोन ठेवून द्यावा. तो कोणाच्याही नावाने बोलत असो.

पैसे किंवा बक्षीस मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका असे सांगितले तर ते खोटे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

अर्ज म्हणून एखादी एपीके फाईल पाठवली आणि ती मोबाईलवर चढवायला सांगितले तर ती तशीच पुसून टाकावी. तशा फाईलमधून आपला मोबाईलच दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

'पहिले पाकीट फुकट, पुढे दरमहा' अशी योजना असेल तर नीट वाचावे. त्यात दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी घेतलेली असते. ती फसवणूक नसेलही, पण तो नमुना नव्हे.

'हा मेसेज दहा जणांना पाठवा' अशी अट असली, तर तो मेसेज ज्या बाईने पाठवला तीही बहुधा फसलेलीच असते. तिच्यावर रागावू नये, तिला सावध करावे.

फसगत झाली तर

पहिली गोष्ट, गप्प बसू नये. घरच्यांनी दोष देऊ नये. दोष देण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो.

ताबडतोब १९३० हा नंबर फिरवावा. सायबर फसवणुकीत गेलेल्या पैशांसाठीच ही देशभराची सरकारी हेल्पलाईन आहे. तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात पोचले तिथेच ते अडवून धरता येतात. चोराने ते काढून घेतल्यावर काम अवघड होते. त्याच वेळी एटीएम कार्डामागे छापलेल्या नंबरावर बँकेला कळवून कार्ड बंद करावे. दोन्हीकडचा तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्यावा. मेसेज, लिंक, आलेला फोन नंबर यांतले काहीही पुसू नये, तोच पुरावा आहे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही करावी. मालाच्या किंवा दुकानदाराच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

पुडी घरी आल्यावर

नमुना मिळाला म्हणून लगेच फोडून पुढ्यात ओतू नये. आधी वापराची अंतिम तारीख पाहावी, कारण दुकानात मागे राहिलेली जुनी पुडीही कधी हाती येते. मग खाद्य कोणत्या वयासाठी आहे ते वाचावे. एक वर्षाच्या आतील पिल्लांचे आणि मोठ्या मांजरांचे खाद्य वेगळे असते. हा पूर्ण आहार आहे की नुसता चाटायचा खाऊ आहे, हेही पाहावे. खाऊवर मांजर तुटून पडते, पण त्यावर जगू शकत नाही.

कुत्र्याच्या खाद्याचा नमुना मांजराला रोजचे जेवण म्हणून घालू नये. मांजराला टॉरीन नावाचे द्रव्य मांस-मासळीतून मिळावेच लागते. त्याच्या अभावी मांजराचे हृदय कमजोर होते, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले. टॉरीनच्या अभावाने मांजराची दृष्टीही जाते. मांजराच्या खाद्यात ते घातलेले असते, कुत्र्याच्या खाद्यात ते पुरेसे असेलच असे नाही.

पहिल्या दिवशी नेहमीच्या जेवणात चमचाभरच मिसळावे. एक दिवस उलटी-जुलाब होत नाहीत ना, ते पाहावे. पुढे खाद्य बदलायचे ठरले तर सात-आठ दिवसांत थोडे थोडे वाढवत न्यावे. सुके दाणे दिले तर शेजारी पाण्याची वाटी हवीच. ओले पाऊच फोडल्यावर फ्रीज नसलेल्या घरात ते तासा-दोन तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे. आणि नवे खाद्य खात नाही म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजराचे, त्यातही लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडू शकते.

शेवटी मनीने काय केले?

वहिनींच्या मुलीने वरच्यासारखेच पत्र दोन कंपन्यांना पाठवले. एकीचे उत्तर आलेच नाही. दुसरीने कळवले की सध्या नमुने नाहीत, जवळच्या दुकानात चौकशी करावी. मुलगी हिरमुसली नाही. शनिवारी ती मनीला पिशवीत घालून लस टोचायला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांना तिने स्वतःच विचारले. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून दोन वेगवेगळ्या पुड्या काढून दिल्या. तारीख तपासून, वय वाचून, कोणाकडून एक पैसा न घेता.

एक पुडी मनीने हुंगली आणि वर पंजाने माती सारल्यासारखे करून निघून गेली. दुसरी तिने चाटूनपुसून खाल्ली. पहिल्या खाद्याचेच किलोभराचे पाकीट वहिनी पगाराच्या दिवशी आणणार होत्या. ते पैसे वाचले. आता मनीला सकाळी मासे-भात आणि रात्री मूठभर दाणे मिळतात.

वहिनींचे ६,२०० रुपये परत आले नाहीत, ते दुःख आहेच. पण परवा बचत गटाच्या ग्रुपवर तसाच दुसरा मेसेज आला, या खेपेला शिलाई मशीनचा. पाच मिनिटांच्या आत वहिनींनी त्याखाली लिहिले, "बायांनो, हे खोटे आहे. माझे पैसे असेच गेले. लिंक दाबू नका." ज्या गोष्टीची त्यांना दोन दिवस लाज वाटली, तीच आज चाळीस घरांच्या उपयोगी पडली.